दत्तकपत्रात नसलेले नाव

पनवेलात गेली काही वर्षे जुन्या कागदांना फार चांगले दिवस आले आहेत. पणजोबांच्या वेळची दप्तरे ज्या घरांतून पूर्वी बंब पेटवायला जात, त्याच घरांतून आता एखादी फाटकी पावतीसुद्धा पिशवीत घालून कपाटात कुलुपाखाली ठेवतात. कारण उघड आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठी पनवेल-उरणकडच्या गावागावांतून जमिनी घेतल्या गेल्या, मागाहून साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तर विमानतळाचेही उद्घाटन झाले. ज्या खाचरात आजा भाताची लावणी करीत होता त्या खाचराचा वारस कोण, हा प्रश्न आता नुसता भावकीतल्या रुसव्याफुगव्यांचा राहिलेला नाही. तहसील कचेरी म्हणा, तलाठ्याची चावडी म्हणा, नोंदणी कार्यालय म्हणा, जिथे जावे तिथे हातात पिवळे कागद घेतलेली माणसे भेटतात.

या गर्दीत आम्ही बापलेक जवळजवळ दोन वर्षे हिंडलो. फरक इतकाच, की आम्हाला जमीन नको होती. म्हणजे असती तर नको म्हटले असते असे नाही. पण ती उरलीच नव्हती. आम्हाला हवे होते एका बाईचे नाव. हे सांगितले की समोरचा कारकून आधी आमच्याकडे पाही, मग हळूच विचारी, "पण सर्व्हे नंबर कुठला?"

माझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, दत्तक आलेले. १९३६ साली, वयाच्या आठव्या वर्षी, जुन्या पनवेलातल्या एका विधवा बाईंच्या मांडीवर ते बसले. त्या बाईंना घरात सगळे माई म्हणत. माईंचे स्वतःचे घर होते, आसपासच्या गावांत थोडी भातशेती होती, आणि पोटी मूल नव्हते. माई १९५८ साली गेल्या. शेती त्याआधीच, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाबरोबर, कुळांच्या नावावर झाली होती. आणि जी कसत होती त्यांच्याकडे ती गेली हे योग्यच झाले असे आबा स्वतः म्हणत. घरही पुढे विकले. १९९४ साली आबा गेले तेव्हा दत्तकविधानाने मिळालेल्या सगळ्या ऐवजापैकी आमच्याकडे उरले होते ते फक्त आडनाव.

आबा दत्तक आलेले आहेत हे घरात सर्वांना ठाऊक होते, आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे. मूळ घराचे नाव काढले तर माईंना वाईट वाटेल, असा दंडक कोणी कधीतरी घालून दिला होता. माई गेल्या, दंडक तेवढा राहिला. पुढे माझ्या वडिलांनी सत्तरी ओलांडली आणि एका संध्याकाळी, कोणाच्यातरी तेराव्याहून परत आल्यावर, चप्पल काढता काढता ते म्हणाले, "आबांना जन्म दिला त्या बाईचे नाव मला माहीत नाही रे." माई ही त्यांची आजी होतीच. तिच्या हातचा दहीभात त्यांनी खाल्ला होता, तिचे श्राद्ध ते अजून करतात. पण ज्या दुसऱ्या बाईचे नाक आमच्या घरात तीन पिढ्या चालत आले आहे, तिला हाक मारायला आमच्याजवळ शब्दच नव्हता.

घरात धागा सापडला तो एका पत्र्याच्या पेटीत. मनिऑर्डरीच्या पोचपावत्यांचा एक गठ्ठा, सुतळीने बांधलेला. पहिली १९५१ ची, शेवटची १९८७ ची. पाच रुपयांपासून एक्कावन्न रुपयांपर्यंत. घेणाऱ्याची सही म्हणून प्रत्येकीवर अंगठा, आणि टपालाचा शिक्का खालापूरकडचा. एखाद्या जुन्या गड्याला आबा मदत करीत असावेत असा बाबांचा तर्क होता. आईने पावत्या हातात घेतल्या, तारखा वाचल्या, मग कालनिर्णयात डोके घालून काहीतरी मोजले आणि म्हणाली, "अहो, ही भाऊबीज आहे. दर वर्षी सणाच्या आत पोचलेली." एम. ए. च्या वर्गाला मी ऐतिहासिक साधनांची चिकित्सा शिकवतो; पण ही चिकित्सा आईची.

म्हणजे आबांना बहीण होती. पण अंगठ्याच्या ठशावरून माणूस कसा शोधायचा? मग आम्ही दत्तकपत्राच्या मागे लागलो.

इथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. दत्तक हा आपल्याकडे कागदावर होत नाही. तो देण्याघेण्याने होतो. जन्मदात्याने मूल उचलून द्यायचे, घेणाराने मांडीवर घ्यायचे. लिहिलेला कागद हा त्या घटनेचा साक्षीदार, घटना नव्हे. हा फरक किती महाग पडतो ते लोकमान्य टिळकांना विचारावे. बाबा महाराज पंडित १८९७ साली वारले, टिळक त्यांच्या इस्टेटीचे विश्वस्त झाले, १९०१ मध्ये औरंगाबादेस ताई महाराजांच्या मांडीवर मुलगा दिला गेला. आणि तो खरोखर दिला गेला की नाही याचा निकाल प्रिव्ही कौन्सिलकडून लागायला १९१५ साल उजाडले. मध्यंतरी टिळक मंडालेला जाऊन आले.

मुंबई इलाख्यात हा विषय अधिकच रंगे, कारण इथे नीलकंठाच्या 'व्यवहारमयूखा'ला मान. नवऱ्याने हयातीत आज्ञा दिली नसली तरी विधवेला दत्तक घेता येई; एवढेच नव्हे, तर लग्न झालेला, पोरेबाळे असलेला बाप्याही दत्तक जाऊ शके. पनवेलच्या पंचक्रोशीला दत्तक ही गोष्ट नवी नव्हतीच. आमच्या शेजारच्या कर्जत तालुक्यातल्या वेणगावात १८२४ मध्ये जन्मलेला मुलगा १८२७ साली दुसऱ्या बाजीरावांना ब्रह्मावर्तास दत्तक गेला, तोच पुढे नानासाहेब पेशवा म्हणून सत्तावनच्या रणात उतरला. बाजीरावांचे तनखे दत्तकाला चालू ठेवायला इंग्रजांनी नकार दिला, हा इतिहास शाळेतल्या मुलालाही पाठ असतो.

दत्तकपत्र नोंदवलेले असले तर ते नोंदणी कार्यालयात असते, हे आम्हाला ठाऊक होते. ते कोणत्या पुस्तकात असते हे मात्र तिथे गेल्यावर कळले. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे जमीनजुमल्याचे दस्त पुस्तक १ मध्ये उतरतात, आणि ते पुस्तक व त्याची सूची फी भरून कोणीही पाहू शकतो. आज ज्याला सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात तो कागद याच घरचा. मृत्युपत्रे आणि दत्तक घेण्याचे अधिकारपत्र पुस्तक ३ मध्ये. आणि ज्या दस्ताचा स्थावराशी थेट संबंध नाही असे किरकोळ दस्त पुस्तक ४ मध्ये. आबांचे दत्तकपत्र या 'किरकोळ' पुस्तकात होते. एका मुलाचे घर, नाव, गोत्र बदलते तो दस्त किरकोळ! असो. कायद्याचे नामकरण करणारांना आपण काय सांगणार.

पुस्तक ४ कोणालाही उघडता येत नाही. त्यातील नोंदीची नक्कल मिळते ती दस्त करून देणाराला, त्याअन्वये हक्क सांगणाराला, किंवा त्यांच्या प्रतिनिधीला. तेव्हा बाबांना आधी सिद्ध करावे लागले, की आपण आबांचे मुलगे आहोत. मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, शिधापत्रिका, प्रतिज्ञापत्र. बाबा म्हणाले, "आबांना मुलगा व्हायला इतके कागद लागले नसतील!" पण नियम मला पटला. दत्तकाचा कागद चव्हाट्यावर उघडा नसावा हे बरेच आहे.

नक्कल हातात आली ती मोडीत. मोडी मी विद्यार्थिदशेत शिकलो होतो, पण बखरीतली मोडी वेगळी आणि १९३६ सालच्या दस्तलेखकाची घाईतली मोडी वेगळी. कुठे शब्द तुटतो आणि कुठे सुरू होतो याचा पत्ता नाही. तीन रात्री दिवा जाळून ते दोन पानी दत्तकपत्र मी देवनागरीत उतरवले, आणि बाबांना वाचून दाखवले.

दस्त देणार: आबांचे जन्मदाते, राहणार कर्जत तालुक्यातले एक खेडे, जिल्हा कुलाबा. घेणार: माई. मुलाचे वय आठ. आपणास आणखी दोन पुत्र असून हा मधला, हेही लिहिलेले. कारण थोरल्याला देऊ नये असा जुन्यांचा कटाक्ष. सुमुहूर्त पाहून, होमहवन करून, आप्तेष्ट आणि प्रतिष्ठित गृहस्थांसमक्ष मुलगा मांडीवर दिला. मुलाचे नाव बदलून अमुक ठेवले. त्याने माईंचा जन्मभर सांभाळ करावा. हे आपण कोणाच्या दबावाने किंवा लोभाने नव्हे, तर राजीखुशीने लिहून दिले. खाली चार साक्षीदार. भटजींचे नाव आहे. लिहिणाराचे नाव आहे. हजर राहिलेल्या एका सावकाराचेसुद्धा आहे.

मुलाच्या आईचे नाव नाही. तिचा उल्लेखच नाही.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा एकदा नीट बघ."

मी नीटच बघितले होते. दस्तलेखकाने काही गाळले नव्हते. त्या काळच्या कायद्याला तिचे नाव लागतच नव्हते. बाप हयात असता मूल देण्याचा अधिकार त्याचा. आईची संमती असली तर उत्तम, नसली तरी अडत नसे. ती लागायला लागली २१ डिसेंबर १९५६ पासून, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा अमलात आल्यावर. त्याच कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. आणि आईला बापाच्या बरोबरीने मूल देण्याघेण्याचा हक्क मिळायला २०१० ची दुरुस्ती यावी लागली. माझ्या वर्गातल्या मुलींना हे सांगितले तेव्हा त्यांना खरे वाटेना.

परदेशात याच शोधाला निराळीच अडचण येते. इंग्लंडात दत्तकाची मूळ जन्मनोंद बंद करून ठेवीत; ती पाहण्याचा हक्क प्रौढ झालेल्या दत्तकाला १९७५ च्या कायद्याने मिळाला. आपल्याकडील अनाथाश्रमांतून परदेशी गेलेली मुलेही मोठी होऊन मुंबई-पुण्याला येतात आणि आपली फाईल मागतात. अशा दत्तकांना शिस्त लागली ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यापासून. तिथे सगळे प्रकरण गुप्ततेचे. आमच्या आबांचे दत्तकविधान वाजंत्री लावून, पंगत उठवून, भर वस्तीत झाले. लपवलेले काहीच नव्हते, आणि तरी आई हरवली ती हरवलीच.

बाबांनी मग शाळेचा जुना दाखला काढला. त्यात पनवेलचे नवे नाव आणि माईंच्या दिवंगत यजमानांचे नाव. खेड्यातली जन्मनोंद शोधली. त्या वर्षीच्या पानावर बापाचे नाव आणि पुढे नुसते 'मुलगा'. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव बापाच्या नावाआधी लागते. आमच्या कामाला हा नियम शहाण्णव वर्षे उशिरा आला.

नाव सापडले ते, पनवेलच्या रिवाजाला धरूनच म्हणायचे, जमिनीच्या कागदात. आबांचे जन्मदाते १९४१ साली वारले. त्यांच्या नावावर त्या खेड्यात तुटपुंजी का होईना जमीन होती. म्हणजे वारसाची नोंद झालीच पाहिजे. फेरफाराच्या वहीत ती होती. खातेदार मयत झाला, त्याच्या विधवेने वर्दी दिली, वारस मुलगे दोन, थोरला वय सतरा आणि धाकटा वय दहा, दोघेही अज्ञान, पालनकर्ती आई, आणि पुढे तिचे नाव. सातबारावर आपण नेहमी 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे पाहतो आणि पुढे जातो. ती अक्षरे अज्ञान मुलाच्या पालनकर्त्याची. मुलगा देताना जिच्या संमतीवाचून अडले नाही, तिच्या वर्दीवाचून पाच वर्षांनी तीन एकरांचे अडले होते.

दोन मुलगे. मधला त्या यादीत नाही, नसायचाच. दत्तक गेलेल्याचा जन्मघरच्या मिळकतीवरचा वारसा संपतो. ती चावडीवर उभी राहून वर्दी देत असेल आणि तलाठ्याने "मुले किती?" असे विचारले असेल, तेव्हा तिने काय उत्तर दिले असेल, हा विचार माझ्या मनात तेव्हा आला. त्याचे उत्तर पुढे मिळेल असे वाटले नव्हते.

ते नाव मी इथे छापत नाही. ते जसे आमचे, तसे त्या दोन भावांच्या नातवंडांचेही आहे. ती मंडळी शहरांत पांगली आहेत आणि त्यांना अजून आम्ही विचारलेले नाही.

आम्ही खेड्यात गेलो. घराचे जोते उरले होते, त्यावर शेवग्याचे झाड. शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना आबांची बहीण कुठे दिली होती ते पक्के आठवत होते. खालापूर तालुक्यातच, मनिऑर्डरीच्या शिक्क्याला धरून. ती १९८७ साली वारली. म्हणून त्या वर्षानंतर पावती नाही. पण तिची मुलगी आहे, खोपोलीला असते. नात्याने माझी आत्या. जन्म १९४८ चा.

आत्याने आम्हाला ओळख विचारली नाही. बाबांच्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "पनवेलचे ना?"

तिच्याजवळ जे होते ते कुठल्याच पुस्तकात नव्हते. आठ वर्षांच्या पोराला कर्जतेहून चौकमार्गे बैलगाडीने नेले, पनवेलला तेव्हा आगगाडी नव्हती. आई गेली नाही. तिला नेलेच नाही म्हणतात. ती मंदीची वर्षे. भाताला भाव नव्हता, घरावर सावकाराचे देणे होते. "ते फिटले," आत्या म्हणाली. "कसे फिटले ते आईने कधी सांगितले नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. दोघांनाही दत्तकपत्रातली ती ओळ आठवली असावी. लोभाने नव्हे, राजीखुशीने. आणि खाली साक्षीला बसलेला तो सावकार. धर्मशास्त्रात विकत घेतलेला पुत्र 'क्रीत' म्हणून वेगळा सांगितला आहे, आणि कलियुगात तो निषिद्ध. म्हणून असले काही कागदावर कधी येत नाही. सावकाराचे देणे कसे फिटले याचा पुरावा माझ्यापाशी नाही, आणि पुराव्यावाचून मी मेलेल्या माणसावर ठपका ठेवणार नाही. तीन मुले आणि एक मुलगी पोसायची, आणि घरात भाताला भाव नाही, अशा माणसाने काय करावे हे मी पगारदार प्राध्यापकाने सांगावे, तेही बरे दिसत नाही. पण 'राजीखुशीने' हा शब्द आता दस्तांत दिसला की मी थोडा थांबतो.

"आजीला कोणी विचारले मुले किती," आत्या म्हणाली, "तर म्हणायची, तीन. दोन इथे, मधला पनवेलला असतो."

आबा तिला भेटले होते. माई वारल्यानंतर, १९५८ च्या अखेरीस. आत्या तेव्हा दहा वर्षांची, आजोळी आलेली. पांढऱ्या कोटातले कोणी गृहस्थ एसटीतून उतरून आले, ओसरीवर उभे राहिले आणि आजीला "काकू" म्हणाले. पनवेलला त्यांना तसेच शिकवले होते. जन्मदात्री भेटलीच तर काकू म्हणायचे, आई माई. हा रिवाज पुष्कळ दत्तक घरांत असे. आजीने त्यांना पाट दिला, पाणी दिले, आणि म्हणाली, "बस रे," आणि पुढे एक नाव घेतले. दत्तकविधानात बदललेले, बावीस वर्षे कोणी न उच्चारलेले त्यांचे पहिले नाव. आबांच्या मुलालाही ते नाव खोपोलीच्या त्या खोलीत प्रथमच कळले.

त्यानंतर ते पुन्हा गेले की नाही ते आत्याला सांगता येईना. आजी १९६३ मध्ये वारली. भाऊबिजेची मनिऑर्डर मात्र चुकली नाही.

परत आल्यावर बाबांनी आमच्या गुरुजींना गाठले. दत्तक गेलेल्याच्या मुलाने जन्मदात्रीकडच्या आजीला पिंड द्यायचा का? शास्त्राप्रमाणे नाही, गोत्र बदलले, पिंड माईंच्या घरच्या पितरांना. बाबा ऐकून घेत होते, पण उठत नव्हते. गुरुजींनी जरा विचार केला आणि म्हणाले, महालयात आई-बाप-आजे यांच्या पलीकडेही माणसे येतात. मावशा, आत्या, सासरे, गुरू, शिष्य, आणि शेवटी आप्त. तिथे कोणाचे नाव घ्यावे याला कोणाचा अटकाव नाही. "आप्तांत घ्या," ते म्हणाले. आप्त हा शब्द तोवर मला निमंत्रणपत्रिकेतला वाटत होता.

या पितृपक्षात बाबांनी ते नाव घेतले. फेरफाराच्या वहीत तलाठ्याने ते शुद्ध करून लिहिले आहे, शेवटी 'बाई' जोडून. आत्या ते घरातल्यासारखे, अर्धे मोडून म्हणते. बाबा क्षणभर अडले. गुरुजी हातात पाणी घेऊन थांबले होते. बाबांनी आत्याचा उच्चार घेतला.